तिकीट काढून

विक्लोच्या तुरुंगात शिरायला तिकीट लागतं.
म्हाताऱ्यांना थोडी सूट.
खिडकीत नोरीन नावाची बाई, चष्मा दोरीने गळ्यात,
काहीतरी हसून बोलली.
वैजू म्हणाली, आप्पा, विचारतायत पहिल्यांदाच आलात का.
म्हटलं, सांग, एकतीस वर्षं आतच होतो.
वैजूने ते सांगितलं नाही.

ठाण्यात आमचा किल्ला लोक बाहेरूनच बघतात.
रिक्षावाल्याला जेल म्हटलं तर कळतं, किल्ला म्हटलं तर नाही.
इतिहासाचे मास्तर पोरांची रांग भिंतीपाशी उभी करतात,
पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, एका दमात सांगतात
आणि डब्याची वेळ झाली म्हणून परत नेतात.
मला ती भिंत आतून पाठ.
कुठे चुना सुटतो, कुठे पिंपळ फुटतो,
बुरुजावरून खाडीचा वारा कोणत्या पाळीला लागतो.
सकाळची गिनती, संध्याकाळची गिनती,
एक कमी भरला तर जेवण नाही, कुणालाच.

तिथे कैदी मेणाचे.
शिपाईसुद्धा मेणाचा, चाव्यांचा जुडगा उजव्या बाजूला.
आम्ही डाव्या बाजूला अडकवायचो.
एका कोठडीत पोर होतं, आठेक वर्षांचं,
पाव चोरला म्हणे, की शेंगदाणे, वैजूला नीट वाचता येईना,
अंधार होता.
मी आपले मोजत गेलो.
वर जाताना बावीस. उतरताना एकवीस.
काळीज लक्कन हललं.
परत जिना चढलो, गुडघा नको म्हणत असताना.
बाविसावा जर्मन निघाला,
कोपऱ्यात बसून दम खात होता मघाशी.

नंतर समुद्राकाठी नेलं तिने.
काळा किल्ला म्हणतात त्याला. काळा नाही, करडा आहे.
दोनतीन भिंती उरल्यात, दार नाही, पहारा नाही,
खाली पाणी आपटतंय
आणि वर गवतात एक मुलगी कुत्र्याला वेफर्स भरवतेय.
कुणी कुणाला हटकत नाही.
मला जरा वेळ उभंच राहता येईना.
म्हटलं वारा फार आहे.

दुसऱ्या दिवशी अर्कलो. बंदराचं गाव, बाजारपेठ छोटी,
नदीवर जुना दगडी पूल, एकोणीस कमानी.
मोजल्याच.
वैजू म्हणाली, आप्पा, पुरे आता.
मग फिश अँड चिप्स खाल्ले, कागदात गुंडाळलेले.
मासा चांगला होता. मीठ मागावं लागलं.

ती ब्रेला राहते, भाड्याच्या खोल्या, खिडकीतून डोंगराचं नाक दिसतं
आणि त्यावरचा क्रूस.
रात्रपाळी करून सकाळी आठला आली,
मी जागाच होतो, चहा ठेवला होता.
जिन्यात आवाज आला, छन्, छन्.
औषधांच्या कपाटाच्या चाव्या
चुकून खिशातच राहिल्या होत्या तिच्या.
लाइनीतल्या आमच्या खोलीत, चार वर्षांची असताना,
याच आवाजावर ती झोपेतून उठून दाराशी यायची.
हे तिला आठवत असेल का,
विचारलं नाही.
ती चाव्या परत द्यायला तशीच उलट पावली गेली.
चहा निवला.

आता परत येऊन दीड महिना झाला.
काल कोर्टनाक्यावर पेन्शनचं काम होतं,
तिथून पाय आपोआप फाटकाकडे वळले.
नवा पोरगा होता ड्युटीवर, छातीवर नाव, न. खरात.
माझ्या खिशात तिकिटाचा तुकडा, विक्लोचा,
का ठेवलाय, देव जाणे. तोच काढून त्याला दाखवला.
त्याने उलटसुलट करून पाहिला,
म्हणाला, आजोबा, मुलाखतीची वेळ संपली.
कोण आहे तुमचं आत?

म्हटलं, कुणी नाही. भिंत बघायला आलो.
बाहेरूनच बघा मग, तो म्हणाला,
आणि जरा थांबून खुर्ची पुढे सरकवली.

पिंपळ पुन्हा फुटलाय.
कुणी कापलेला दिसत नाही.