शाळेचं दार

पुण्याहून तक्ता आला. चार रकाने :
अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट.
कोणतं मूल कुठवर पोचलं तिथे खूण करा,
शुक्रवारपर्यंत पाठवा.

जैतू पदीर, इयत्ता तिसरी.
मी त्याला अक्षराच्या रकान्यात ठेवला
आणि पेन तसंच हातात धरून बसलो,
कारण त्याच सकाळी त्यानं
पानं न बघता, नुसत्या सालीवर हात फिरवून
सहा झाडांची नावं सांगितली होती.
त्याला रकाना नव्हता.

घोडेगावची एसटी जिथे वळून माघारी जाते
तिथून पाऊण तास चढ. वर एक खोली, एक पडवी,
एकवीस मुलं, मी.
गोष्टींच्या पुस्तकांची पेटी पहिल्याच वर्षी आणलेली.
त्यातली मुलं लिफ्टनं वर जायची,
आजोबांचं बोट धरून बागेत फिरायची.
मंजीनं विचारलं, बागेत कशाला जातात? लाकडाला?
मी समजावायला लागलो, मग थांबलो.
पेटीतली दोन पुस्तकं तेवढी संपली,
ती उंदरांनी संपवली.

लिहा म्हटलं की जैतू लिहायचा.
फळ्यावरचं जसंच्या तसं,
माझा खडू मोडल्याची रेघसुद्धा.

मग माघ सरला, हिरडा धरला,
वस्ती रानात गेली.
एका सकाळी कुलूप काढायला गेलो तर दारावर
कोळशानं, मनगटाएवढ्या अक्षरांत :

    गुर्जी मी हिरड्याला चाल्लो
    बाचा पाय मोडलाय
    फांदी बारीक हाये मी हल्का हाये
    खिचडी मंजीला द्या

पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचं विचारू नका.
दोनदा मनात वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं,
रिकाम्या पडवीत.
मग हजेरी काढली आणि त्याच्या नावापुढे
गैरहजर मांडलं.
नियम आहे.

दार पुसलं नाही.
आठवड्याभरात त्याला तोंड फुटलं :

    आमची शेळी व्याली दोन
    हौशीकडं पाव्हने म्हनून ती न्हाय
    टाकीच्या मागं मव्हाचं पोळं कुनाला सांगू नका

त्याखाली दुसऱ्या हातानं : सांगितलं
त्याच्याही खाली चौथीतला नवसू :
मी न्हाय वाचलं

केंद्रप्रमुख आले. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
रंगाचा निधी आलाय, हे दार आधी घ्या.
घेतो म्हटलं. भिंती घेतल्या, खिडक्या घेतल्या.
दारापाशी येऊन रंग संपला.
कसा संपला ते मला माहीत आहे.

जैतू अकरा दिवसांनी आला,
बोटं हिरड्यानं काळी पडलेली.
दारापुढे उभा राहिला आणि वाचत गेला,
बोट लावून, ओठ हलवत,
तो नसताना वस्तीत काय काय झालं ते.
पोळ्यापाशी हसला.
मी काही विचारलं नाही.
तक्ता तेव्हा पुण्यात पोचून गेला होता.

मार्चात मलाच बोलावणं आलं. प्रशिक्षण,
विषय : वाचन-लेखनाची प्रेरणा.
कुलूप लावलं, चुलीतला कोळसा घेतला,
आणि बावीस वर्षं अर्ज लिहिणारा मी
दाराशी अडलो.
‘कळविण्यात येते की’ एवढं लिहून झालं होतं,
ते तळव्यानं पुसलं.

    मी पुण्याला चाललो
    सोमवारी येतो

तिथे थंडगार सभागृह, मोठा पडदा,
पडद्यावर वर्तुळं, वर्तुळांतून बाण.
समारोप सोमवारवर गेला, भाषणं लांबली,
शेवटची एसटी चुकली.
मंगळवारी उन्हाचं चढून वर आलो.

पडवीत चिंचोक्यांचा डाव अर्धा टाकलेला.
दाराला कुलूप, जसं लावलं होतं तसं.
माझ्या दोन ओळींच्या खाली
काळ्या बोटांचे ठसे, आणि :

    गुर्जी आज सोमवार हाये
    आमी समदी आलोय