पिवळं पाणी

माझ्या नव्या लॅपटॉपला कडेला दोनच भोकं,
चवळीच्या दाण्याएवढी.
आणि शाळेचा प्रोजेक्टर कपाटातून निघाला तो
तेरा वर्षांची खारी हवा खाऊन,
जाड शेपटीच्या टोकाला पंधरा टाचण्या, तीन रांगांत,
दोन बाजूंना स्क्रू, कुड्यांसारखे.
यांची सोयरीक जुळायची कशी म्हणून
रत्नागिरीतून निघतानाच घेतला होता मी
साडेसातशेचा अडॅप्टर,
बोटभर, पांढरा,
एका अंगाने आजचा, दुसऱ्या अंगाने तेव्हाचा.

आचऱ्याची खाडी, दुपारचे तीन,
भरती म्हणूनच मोकळ्या असलेल्या सव्वीस बायका
पहिलीच्या वर्गात, पहिलीच्या बाकांवर, गुडघे बाहेर काढून.
पराडकर सरांनी खिडक्यांना होडीची ताडपत्री लावली.
मी जोडलं.
भिंतीवर एक चौकट आली, आत दोन शब्द: सिग्नल नाही.
"मोबाईलाक पण नाय हंयसर," मागून कुणीतरी.
हशा.

काढलं, फुंकलं, लावलं.
बटणं दाबली, ज्यांची नावं मलाच माहीत नव्हती.
आणि खाडी आली भिंतीवर,
उपग्रहातून काढलेली, माझी चौथी स्लाइड,
पण हळदीत बुडवून काढल्यासारखी.
पांढरी अक्षरं पिवळी, पाणी शेवाळी,
निळा कुठेच नाही.
"थांबा हं, रंग चुकलाय," मी म्हणाले,
"एखादी पिन वाकली असणार."

कुणी थांबलं नाही.
जयवंती सारंग उठून भिंतीपाशी गेली,
तिच्या पाठीवरून खाडी वाहू लागली.
"ह्यां पाणी माका म्हायत आसा.
रस्त्याचो भराव पडलो, त्या वर्साचां."
कालवांच्या शिंपांनी चिरलेलं बोट तिने टेकवलं
नकाशावर जिथे मी काहीच लिहिलं नव्हतं.
"हंयसर मेलीं सगळीं."
"हंयसर नाय गो, वायच वर, खडपाच्या मागे."
"माझीं तर बाजारात व्हरलेलीं परत इलीं."
सव्वीस जणी एकदम बोलत होत्या
आणि मी खाली बसून
वाकलेली पिन शोधत होते.

सापडली. पहिल्या रांगेतली तिसरी.
नेमका निळा.
शेवंती टिकमने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली,
माझा हात बघून परत घेतली
आणि स्वतःच, जाळ्यातून चिंबोरीची नांगी सोडवावी तशी,
हळू सरळ केली ती टाचणी.

निळा आला.
खाडी सुंदर दिसू लागली, कॅलेंडरवर असते तशी.
बायका बाकांवर परतल्या, पदर सावरले,
पाहुण्यासमोर बसतात तशा बसल्या.
मी म्हणाले, द्विकपाटी मृदुकाय प्राण्यांचे
मी म्हणाले, क्षारतेचे प्रमाण
प्रोजेक्टरचा पंखा तेवढा ऐकू येत होता.
सातव्या स्लाइडला एकीने जांभई दिली,
तोंडावर हात ठेवून, सभ्यपणे.

"बाय," जयवंती म्हणाली,
"तां पिवळां परत हाड बगया."

मागे गेले, चौथ्या स्लाइडवर.
स्क्रू अर्धा फेरा सैल केला, शेपटी किंचित वाकडी धरली.
आधी लाल गेला, मग सगळंच गेलं,
मग हळद.
तशीच धरून उभी राहिले ओहोटी लागेपर्यंत,
अडॅप्टर तळहातात तापत होता.
बत्तीस स्लाइड होत्या माझ्या.
लिहून घ्यायला हात मोकळा नव्हता,
म्हणून पराडकर सर फळ्यावर खडूने लिहीत गेले:
जागा, किती टोपल्या, कुठलं साल.

साल दोनदा पुसलं.
वाद अजून मिटलेला नाही.