पाच मिनिटं

मिरजेला, जुन्या दगडी दवाखान्याच्या मागच्या वॉर्डात
माझं काम एवढंच होतं.
कोपराखाली पट्टा बांधायचा, फुगवायचा,
पाच मिनिटं हाताचं रक्त अडवून धरायचं,
मग एकदम सोडून बघायचं
पडद्यावर रोहिणी किती रुंदावते.

आधी किती मिलिमीटर, नंतर किती.
सर म्हणाले होते, दुखणं फुफ्फुसाचं दिसतं,
पण दंगा नळीच्या अस्तरातही चाललाय.
ते अस्तर अजून ऐकतं का, तेवढं टिपून आण.

किटच्या आत घाम, चष्म्यावर वाफ,
दुहेरी हातमोज्यांतून जेलची बाटली निसटायची.
पट्टा आवळला की लोक म्हणायचे,
आधीच श्वास कमी, आता हातही घेताय होय?
काही डोळे मिटून देवाचं नाव घेत.
एक बाई पाचही मिनिटं
घरच्या गॅसचा बुकिंग नंबर सांगत राहिल्या.

भूपाल मगदूम, समडोळी, वय अठ्ठावन्न, खाट एकोणीस.
ठिबकचा फिटर. मास्कमधूनच म्हणाले, ही काय पडद्यावर?
रोहिणी, मी म्हटलं.
माझ्या धाकटीचं नाव.
आन् नक्षत्र निघायला अजून बारा दिस हायेत.
एवढ्यानंच धाप लागली,
बोटावरचा आकडा अठ्ठ्याऐंशीवर घसरला.
बोलू नका म्हटलं. ऐकतात कुठले.
नळी उन्हानं आधी फुटत न्हाई, ताई.
आधी ताठते.
वरनं बघशील तर नवीकोरी.
पाणी सोडलं की कळतं,
अंगच देत न्हाई.

पाच मिनिटं झाली. सोडलं.
तळहात हळूहळू तांबडा झाला.
रोहिणी हलली, न हलल्यासारखी.
एक पूर्णांक नऊ टक्के.
किती आलं?
बरं आलंय, म्हटलं, जेल पुसत.
ते म्हणाले, गिऱ्हाइकाकडं न बघता
मीबी असंच सांगतो.

नोंदवहीत एकतीस नावं झाली.
रोज संध्याकाळी पोटात रक्त पातळ करायची सुई,
रोज सकाळी एखादी चादर बदललेली.
लहान आकड्यांच्या ओळीत, शेवटच्या रकान्यात,
बहुतेकदा तांबडी शाई.
दरवेळी नाही.
इलाही नदाफ, वय चौतीस, सात पूर्णांक दोन,
अशी उमलली होती की मी दोनदा मोजली.
गुरुवारी पहाटे गेला.
मी सरांना विचारलं, मग आपण काय मोजतोय?
एकतीस म्हणजे काहीच नाही, ते म्हणाले, अजून पेशंट हवेत.
आणि जिन्यात थांबले.
हवेत म्हणालो का मी?

खाट एकोणीस सांगलीला हलवली, व्हेंटिलेटरसाठी.
तिचा रकाना कोराच राहिला.

नोव्हेंबरात फोन करायचे होते, सहा महिन्यांच्या तपासणीचे.
बंद. बंद. चुकीचा नंबर.
एका घरातून 'ते नाहीत' हे इतक्या सवयीनं आलं
की मी आभार मानून ठेवून दिला,
आणि मग हातातलं पेन कितीतरी वेळ
त्या नावावर तसंच.

समडोळीचा लागला.
हॅलो, रोहिणी बोलतेय.
पुढचं वाक्य कागदावर छापलेलं होतं,
मला ते वाचता येईना.
दवाखान्यातनं, एवढंच म्हटलं.
बाबा होय? पाच मिनिटं धरा हं,
टाकीवर चढलेत, व्हॉल्व्ह बघायला.

धरला.
पलीकडं भांडी, कुणाचा तरी रेडिओ,
लांबवर मोटर सुरू झाल्याचा आवाज,
आणि पाण्याआधी नळीतून येते ती हवा,
फुसफुसत.