मोजणी

बेशरम उपटायला तीन उन्हाळे गेले.
मुळासकट, गाळासकट.
दुर्पताबाई कमरेइतक्या पाण्यात,
तोंडात खर्रा,
आणि त्या झाडाच्या सात पिढ्यांना शिव्या.

सोसायटीत पतिराम म्हणाला होता,
"पाखरं भरतेत का तलावाची लीज?"
"अन् तू कई भरली टायमावर?"
हसण्यातच ठराव पास झाला:
वरच्या कोपऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी,
दिवाळीपर्यंत जाळं नाही.

मग तिनं देवधान लावलं, चिऊल लावला,
रोवणीत चालतात तसंच, मागं मागं सरकत.

आज जानेवारी. धुकं पाळीवर बसलंय.
माझ्या हातात गोंदियाच्या साहेबांचा फॉर्म,
प्रजाती, संख्या, शेरा.
ती बोट दाखवत सांगते:
शेपटीत सुई असलेली, दोनशेच्या वर.
डोक्यावर दोन काळ्या रेघांची,
हिमालय ओलांडून येते म्हणतात,
आल्याबरोबर झोपते बिचारी.
शिट्टी मारणारी आपली, इथलीच,
तिला पाहुण्यांत नको लिहू.

मी लिहीत जातो.
पुस्तकातली नावं घरी शोधीन.

पलीकडच्या बांधीत, धानाच्या खुंटांतून
एकेक पाय उचलत
सारसाचं जोडपं, मधे मातकट डोक्याचं पिल्लू.
माझं पेन सरसावतं.

"त्याईले मोजू नको," ती म्हणते,
"लहान हाय अजून. नजर लागते."

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहितो:
धुकं फार होतं.
ऊन केव्हाचंच
पाण्यावर येऊन बसलेलं.