आ

तासगावात, बी-बियाणांच्या दुकानावरच्या मजल्यावर जाताना
अकराव्या पायरीशी श्रीजा थांबली.
"काय करणारेत?"
मी म्हणालो, "काही नाही गं. नुसतं बघणारेत."

साडेचार वर्षांची. मागच्या दोन दाढा
आतून काळ्या, ढेपेला उंदरानं कोरल्यागत.
बेदाण्याचा टेम्पो माझा. रोज खिशातून मूठभर माल
घरी येतो, आणि ती झोपेतही चघळते.
लाड म्हणून एवढंच जमायचं मला.

आत ती आडवी होणारी खुर्ची. वर दिवा.
ट्रेमध्ये चकाकणारी रांग.
आणि भिंतीपलीकडून
मशिनचा बारीक, न संपणारा सूर.
तो मीही ओळखतो. जिभेच्या मुळाशी ओळखतो.

तिनं तोंड मिटलं.
नुसते ओठ नव्हे. मान, खांदे, पोट, पायाची बोटं,
सगळं मिटलं.
नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या, सशाच्या.
मग लाथ. मग ट्रे. छोटा आरसा गोल गोल फिरत
कपाटाखाली गेला.
मग दातांत डॉक्टरीणबाईंचं बोट.
मग फ्रॉक ओला झाला, आणि तिनं तो
दोन्ही हातांनी झाकायला बघितला.
रडण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

दारातून एक म्हातारबा म्हणाले, "द्या की दोन. गप हुतंय."
तोवर माझे हात
मला न विचारता
तिच्या घोट्यांवर जाऊन बसले होते.

कुणाचे हात हे?
सांगलीच्या सिव्हिलात मी सात वर्षांचा.
एक पाय मामानं धरलेला, एक वॉर्डबॉयनं,
डोकं बापूंच्या काखेत.
"नुसतं बघणारेत," बापू म्हणाले होते.
तेच शब्द. तीस वर्षं कोल्ड स्टोरेजला राहिल्यागत,
रंगही न बदललेले.

मगदूम बाई म्हणाल्या, "सोडा."
आवाज चढवला नाही. बोटाला पट्टी गुंडाळत म्हणाल्या,
"पाय सोडा तिचे. आज काही करायचं नाही."
सोडले.
सोडल्यावर हात ठेवायचे कुठं, ते कळेना.

दुसऱ्या खेपेला नुसते दात मोजले.
मदिनामावशीनं वारा आधी तिच्या तळहातावर सोडला,
पाण्याची धार नखावर.
श्रीजा हसली नाही. हात फ्रॉकला पुसून
पुन्हा पुढं केला.

तिसऱ्या खेपेला बाई स्पष्ट बोलल्या,
"चावेल जरा. मुंगी चावते तसं. दहापर्यंत मोज.
नको वाटलं तर डावा हात वर कर, मी थांबेन."
तीनवर हात वर.
बाई थांबल्या.
सहावर पुन्हा. पुन्हा थांबल्या.
आठवर मला वाटतं दुखत नव्हतंच,
शब्द खरा आहे का, तेवढं ती बघत होती;
वाण्याकडची नोट उजेडात धरून बघावी तशी.
मग रडत रडत तोंड उघडं ठेवलं.
रडणं चालू, आणि तोंड उघडं.
मला हे अजून जमलेलं नाही.

काल रात्री वीज गेली.
मोबाईलची बॅटरी घेऊन ती माझ्या छातीवर चढली.
"पप्पा, आ कर."
केलं.
"थोडं दुखेल हां. आधीच सांगते.
नको वाटलं तर हात वर कर."
चहाचा चमचा गार, गालाला आतून लागला.
एक, दोन, तीन, चार,
पाचाच्या जागी उजेड थांबला.
"इथला कुठाय?"

उघड्या तोंडानं काय सांगणार.
मिटल्यावर तरी काय सांगणार.
बापूंची काख आठवली, तंबाखूचा वास,
आणि एका बशीत काहीतरी टणकन पडल्याचा आवाज.

मी डावा हात वर केला.
ती थांबली.