साडेबावन्न मिनिटं

अल्तिन्योवरच्या ऑफिसला दोन खिडक्या.
एकीतून मांडवी दिसते, दुसरीतून टॉवरचा पाय.
मी टॉवरकडच्या टेबलाशी.

वरची तबकडी आग्नेयेकडे, चंद्रनाथाच्या डोंगराकडे बघते,
दिगंश एकशे पंचेचाळीस,
अंतर अडतीस किलोमीटर, सालभर एकटक.
तिकडून काणकोण बोलतं:
मिरचीचे भाव, बाळंतपणं,
लिस्बनचे कागद आले का,
पेद्रूच्या लग्नाला बँड किती माणसांचा.

आता उपग्रह येऊ घातलेत, अठ्ठेचाळीस.
जहाजावरून, वाळवंटातून, कुठूनही फोन लागेल म्हणे.
अजून एकही वर गेलेला नाही.
धुमेसाहेब म्हणाले, आपल्याला किती त्रास, ते काढ.

म्हणून मी आकाश करते.
फोरट्रानमध्ये,
दहा-दहा सेकंदांचं.

डोक्यावरून जाणाऱ्याचं भय नाही.
तबकडी वर बघतच नाही,
नजर आडवी,
समोरच्या बाल्कनीवर डोळा ठेवणाऱ्या बाईसारखी.
भय आहे उगवणाऱ्याचं.
डोंगराच्या खांद्यावर तो अंशभर येतो
आणि काणकोणच्या बोलण्यावर
परक्याचं बोलणं सांडतं.
शब्द नाही ऐकू येत, नुसती खरखर वाढते,
हे मी कुस्तोदियुला तीनदा सांगितलं.

चंद्र मात्र चंद्रनाथाच्या मागून कधी उगवत नाही,
निदान अल्तिन्योवरून तरी.
एवढ्या दक्षिणेला तो सरकतच नाही.
हे कामाच्या वेळात तपासलं,
रिपोर्टात घातलं नाही.

नियम म्हणतो,
दहा हजार मिनिटांतलं एक बुडालं तर बुडू द्यावं.
वर्षाची साडेबावन्न.

कुस्तोदियु टॉवरवरून उतरला,
पट्टा सोडत, हाताला ग्रीस.
“बाय, तीं मिनिटां केन्ना येतात?”
एकदम नाही येत, म्हटलं. चिल्लर येतात.
“चिल्लर जाल्यार चलता.
वयलो आवाज आमच्या इनासाचो आसल्यार आनीकूय चलता.”
इनास त्याचा भाऊ, तेलाच्या जहाजावर दुसरा कुक.
सहा महिने पत्र नाही.

प्रोग्रॅमला पेरायला एक आकडा लागतो:
पहिल्या क्षणी कोण कुठे होता,
ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून.
मी गाल्जीबागचा, त्याच्या आईचा फोन नंबर पेरला.

सहा रात्री चालला.
दोनदा वीज गेली,
एकदा टॉवरवर पडली.
सातव्या सकाळी कागद आला, भोकाभोकांच्या कडांचा, लांबलचक:
सत्तेचाळीस मिनिटं.
साहेबांनी लाल पेनानं लिहिलं, चालेल.

सगळ्यात वाईट दहा सेकंद
अकरा नोव्हेंबरला, पहाटे चार वाजून सात मिनिटांनी.
कुस्तोदियुनं ते बेकरीच्या कॅलेंडरवर टिपून ठेवलं,
गॅस आणि विम्याचा हप्ता यांच्या मध्ये.
अरे, हा नोव्हेंबर कुठल्याच वर्षातला नाही, म्हटलं.
त्यानं मान डोलावली,
कळलं म्हणून की ऐकलं म्हणून, देव जाणे.

त्या रात्री मी नव्हते. पाळी त्याची होती.
चार सातला त्यानं घरी फोन लावला.
तिसऱ्या घंटेला आईनं उचलला.
“कोण मेलो?”
कोणूच ना, मांय.
“इनास?”
ना गे.

मग दोघंही गप्प.
तो घड्याळाकडे बघत होता, असं म्हणाला.
लाइन इतकी लख्ख
की गाल्जीबागच्या सुरूंतला वारा ऐकू येत होता,
कुत्रं भुंकत होतं, तिचा दमा,
आणि खरखर, ज्याची तो वाट बघत होता,
ती कुठेच नव्हती.

“दवर आतां,” ती म्हणाली, “मीटर चलता.”