दोरीवरचा चषक

मी मालन. धुतो, पिळतो, वाळत घालतो.
मंगळवार पेठेत गच्ची, गच्चीवर पाच दोऱ्या.
सोळा संघांतले आठ माझ्याकडं येतात,
बाकीच्यांचं त्यांच्या आया बघतात.

पहिल्या आठवड्यात गच्ची म्हणजे जत्रा.
निळा, भगवा, पोपटी, काळ्यावर पिवळे पट्टे,
आणि एका तालमीचा पांढराशुभ्र.
हा रंग सुचवणाऱ्याला एकदा
स्टेडियमच्या चिखलात बसवून विचारायचंय.

बाद पद्धत. एकदा हरला की बूट पिशवीत.
दर रविवारी एखादा रंग उतरतो दोरीवरनं.
पेपर मी वाचत नाही.
डब्यात चिमटे वाढले की समजायचं,
कुणाचं तरी वर्ष संपलं.

हरलेले कपडे न्यायला लवकर येत नाहीत.
पोपटीवाल्यांचं गाठोडं तीन आठवडे
इस्त्रीच्या टेबलाखाली.
शेवटी त्यांचा बापू गवंडी आला, अंधार पडल्यावर.
पैसे दिले, सुटे परत घेतले नाहीत.
जाताना दारात थांबून म्हणाला, "पंच."
एवढंच. "पंच."
मी म्हटलो, "होय तर."

चौकी तालमीनं लांबच्या देशातनं आणलेला बेंजामिन
आपला शर्ट आपणच धुतो, माझ्या नळावर.
मराठी दोनच शब्द येतात त्याला,
"भावा" आणि "पुढं".
बादली हवी असली की दोन्ही मला लावतो.

फेब्रुवारी सरला. दोन दोऱ्या उरल्या. मग एक.
एका टोकाला चौकी तालीम,
दुसऱ्या टोकाला निशाण मंडळ,
मध्ये हातभर जागा सोडली मुद्दाम.
तरी वारा सुटला की बाह्याला बाही लागते.
पोरांनी बघितलं तर मलाच बोलतील.

शुक्रवारी रात्री घडी घालताना
बोटाला काहीतरी टोचलं.
चौकीच्या गोलकीपरचा शर्ट, कॉलरच्या आत
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नखाएवढी पुडी. अंगारा.
मागच्या धुण्याला नव्हती.
वर काळ्या दोऱ्याचे सात टाके, शेवटचा तिरका.
मग निशाणचा नऊ नंबर उलटा केला,
उगीच, हाताच्या सवयीनं.
कॉलरच्या आत पुडी.
सात टाके. शेवटचा तिरका.

हात एकच.
एकाची आई असंल, दुसऱ्याची मावशी,
रात्री चष्मा लावून
दोन्ही शर्ट एका मांडीवर घेऊन बसली असंल.
आता देवीनं करायचं काय?
कुणाला सांगितलं नाही मी.
चौकात कळलं असतं तर
बाईला दोन्हीकडची दारं बंद.

फायनलला गेलो नाही. इस्त्री तापली होती.
स्टेडियमचा आवाज गच्चीवर येतो,
पण ओरडा कुणाचा ते ओरड्यावर लिहिलेलं नसतं.
पहिला ओरडा. बऱ्याच वेळानं दुसरा.
मग खालनं टपरीवाला वजीर हाक मारून म्हणाला,
"मालनताई, पेनल्टीला गेलं! चार-चार!
शेवटची किक, नऊ नंबर मारतोय!"
मी इस्त्री उभी केली.
सगळं कोल्हापूर गप.
गंगावेशीतली म्हशीसुद्धा गप असंल त्या घटकेला.

मग फटाके. कुठल्या अंगाला, ते वाऱ्यानं कळू दिलं नाही.

सोमवारी एकच गाठोडं आलं.
जिंकलेला शर्ट धुवायला टाकत नाहीत,
गुलालासकट खिळ्याला लावतात.
आलेलं गाठोडं कुणाचं ते सांगत नाही,
दोन्ही पेठांत माझं गिऱ्हाईक आहे.

पंधरा शर्ट, नुसत्या मातीचे.
सोळावा उघडला. पुडी जागच्या जागी, सातही टाके शाबूत.
आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध,
गुलालाचा एक पंजा.
पाची बोटं पसरलेली,
घट्ट दाबल्यासारखी.

गुलाल गरम पाण्यात बसतो, गारात जातो.
मी गार पाणी काढलं.
त्या डागाचे जादा पैसे लावले नाहीत.